पोळ्याआधी दिवाळीचं तिकीट

पुण्यात शिकणाऱ्या वर्ध्याच्या किंवा गोंदियाच्या मुलाला दिवाळीला अर्ध्या भाड्यात घरी जायचं असेल, तर त्याची धावपळ पोळ्याच्या आठवड्यात सुरू व्हायला हवी. हिशेब सोपा आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. त्यापूर्वी ते १२० दिवस आधी उघडायचं. श्रावणातल्या अमावास्येपासून, म्हणजे पोळ्यापासून, लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येपर्यंत दोन चांद्रमास होतात, दिवसांत मोजले तर ५९. मध्ये अधिक महिना आला नाही तर हे गणित दरवर्षी जुळतं. वसुबारसेच्या दिवशी गाडीत बसायचं असेल, तर त्या तारखेचं आरक्षण पोळ्याच्या तीन-चार दिवस आधीच सुटतं, सकाळी आठ वाजता. आणि विद्यार्थी सवलतीचं तिकीट ऑनलाइन निघत नाही. ते आरक्षण खिडकीवरच, कॉलेजने दिलेला फॉर्म जमा करून मिळतं. म्हणजे प्राचार्यांची सही आणि शिक्का त्याच्याही आधी झालेला हवा. ‘गणपती झाले की बघू’ म्हणणाऱ्यांची नावं वसतिगृहात दरवर्षी वेटिंग लिस्टमध्ये एकमेकांखाली दिसतात.

आधी एक गैरसमज. कोविडमध्ये रेल्वेच्या सवलती बंद झाल्या, तेव्हा विद्यार्थ्यांचीही गेली असं पुष्कळांना वाटतं. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबली, बाकीही बऱ्याच थांबल्या. पण दिव्यांगांचे काही प्रकार, रुग्णांचे काही प्रकार आणि विद्यार्थी यांच्या सवलती चालूच राहिल्या. कॉलेजच्या कार्यालयातसुद्धा कधीकधी ‘ते आता बंद झालंय’ असं उत्तर मिळतं. तिथे वाद घालू नका. ‘सर, विद्यार्थ्यांची चालू आहे, आपल्याकडे फॉर्मचं पुस्तक आहे का तेवढं बघाल का?’ असं विचारा. अडचण बहुतेक वेळा पुस्तकाचीच असते.

हे पुस्तक म्हणजे काय ते नीट समजून घेतलं की निम्मी डोकेदुखी कमी होते. सवलतीचा फॉर्म कॉलेजच्या लेटरहेडवर टाइप करून चालत नाही. रेल्वे तो छापील स्वरूपात संस्थेला देते, पुस्तकाच्या रूपात, आणि संस्थेने त्यातली पानं नोंद ठेवून मुलांना द्यायची असतात. पुस्तक संपलं की संस्थेने पत्र देऊन नवं आणायचं. मोठ्या कॉलेजांत हे चालूच असतं. लहान कॉलेजात, विशेषतः जिथे बाहेरगावची मुलं मोजकी असतात, तिथे पुस्तक संपल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं, आणि नवं यायला दिवस लागतात. म्हणून जुलैमध्ये, प्रवेशाची गडबड ओसरली की एकदा कार्यालयात डोकावून पुस्तक आहे की नाही एवढं विचारून ठेवावं. फुकटची चौकशी आहे, पण दिवाळीचं तिकीट तिच्यावर अवलंबून असतं.

सवलत कुणाला आणि कशासाठी? सर्वसाधारण विद्यार्थ्याला वयाच्या २५ वर्षांपर्यंत, अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला २७ पर्यंत, संशोधन करणाऱ्याला ३५ पर्यंत. द्वितीय वर्ग आणि स्लीपरमध्ये ५० टक्के; अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. एसी डब्यात विद्यार्थ्याला काहीही मिळत नाही. मुख्य कारणं दोन: संस्थेच्या गावाहून आपल्या गावी जाणं-येणं आणि शैक्षणिक सहल. मित्राच्या बहिणीचं लग्न भोपाळला असेल तर हा फॉर्म कामाचा नाही, आणि तसा भरून घेण्याच्या फंदात पडूही नये. सापडलं तर कॉलेजचं पुस्तकच अडचणीत येतं आणि मागच्या शंभर मुलांची वाट लागते.

‘आपलं गाव’ म्हणजे कॉलेजच्या नोंदीत जे आहे ते. इथे पहिली चूक होते. घर अंबाजोगाईत, नोंदीत पत्ता अंबाजोगाईचा, आणि फॉर्मवर मुलगा लिहितो ‘लातूर’, कारण मामा लातूरला न्यायला येणार असतो. गावात स्टेशन नसेल तर जवळचं स्टेशन लिहायचं असतं, सोयीचं नाही. अंबाजोगाई तालुक्यातलं घाटनांदूर हे स्टेशन आहे, परळी वैजनाथही जवळ आहे. यातलं एक लिहिलं तर कुणी हरकत घेणार नाही. कार्यालयातल्या बाईंना नकाशा पाठ नसतो, त्यामुळे जवळचं स्टेशन कोणतं ते आपण शोधून, गाडी तिथे थांबते का ते वेळापत्रकात पाहून जायचं. बीडच्या मुलांना आतापर्यंत हा प्रश्न दरवेळी पडायचा. १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाल्यापासून फॉर्मवर निदान स्वतःच्या जिल्ह्याच्या गावाचं नाव तरी लिहिता येतं.

फॉर्म भरताना घाई नको. नाव आधार कार्डावर आहे तसंच. ‘पवार सागर’ आणि ‘सागर विठ्ठल पवार’ ही कॉलेजच्या दृष्टीने एकच व्यक्ती असली तरी गाडीत टीसीच्या हातात ओळखपत्र पडतं तेव्हा ते जुळायला हवं. वय आकड्यात लिहिलं असेल तर जन्मतारखेशी ताडून बघा. पंचविशीच्या काठावर असाल तर खिडकीवरचा माणूस तेच आधी बघतो. कुठून-कुठे, वर्ग कोणता, हेतू काय, हे सगळं एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात. खाडाखोड झाली तर नवीन पान मागायला कचरू नका. जुन्यावर काट मारून वर लिहिलेलं असलं की, त्या काटेशेजारी सही नसेल तर, फॉर्म परत येतो. जाणं आणि येणं दोन्ही हवं असेल तर ते कार्यालयात भरतानाच सांगायचं, खिडकीवर गेल्यावर आठवून उपयोग नाही. फॉर्मवर संस्थाप्रमुखाची सही, संस्थेचा शिक्का आणि दिल्याची तारीख या तीन गोष्टी स्वच्छ वाचता यायला हव्यात. शिक्क्याची शाई फिकी आहे का, एवढं तिथल्या तिथे बघून निघावं.

आता आरक्षण खिडकी. सकाळी आठला आरक्षण उघडतं, म्हणून रांगेत त्याच्या आधी उभं राहायचं हे उघड आहे. पण कोणत्या रांगेत, हेही महत्त्वाचं. पुणे जंक्शनसारख्या मोठ्या स्टेशनवर पहाटेपासून गर्दी असते. त्यापेक्षा शहरातलं एखादं लहान आरक्षण केंद्र किंवा उपनगरातलं स्टेशन बरं पडतं, कारण संगणक सगळीकडे त्याच जागा दाखवतो. रविवारी बऱ्याच केंद्रांत फक्त सकाळचं सत्र असतं, हे तारीख मोजताना ध्यानात ठेवा.

रांगेत उभं राहण्याआधी आरक्षणाची स्लिप भरून ठेवायची. एका स्लिपवर सहा प्रवासी बसतात. चार मित्र एकाच गाडीने जाणार असतील तर चौघांची एकच स्लिप, आणि प्रत्येकाचा स्वतःचा सवलतीचा फॉर्म तिला जोडलेला. स्लिपवर गाडीचा क्रमांक, तारीख, वर्ग, चढायचं आणि उतरायचं स्टेशन, आणि मोबाइल नंबर. हा नंबर चालू असलेला, स्वतःचाच लिहा. का ते पुढे येईल. पर्यायी गाडीचं नावही तोंडावर असू द्या, कारण खिडकीवरचा माणूस ‘यात नाही, दुसरी सांग’ म्हणतो तेव्हा विचार करायला चार सेकंदच मिळतात. (स्लिपवर वर ‘डॉक्टर असाल तर खूण करा’ अशी जागा असते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात असाल तर ती खूण करू नका. रात्री दोन वाजता कुणी खरंच उठवायला येईल.)

खिडकीवरचा संवाद साधारण असा असतो.

‘साहेब, कन्सेशन आहे. स्टुडंट.’

‘फॉर्म दे. हे काय, सही आहे, शिक्का कुठंय?’

‘मागच्या बाजूला मारलाय, सर.’

‘मागे नाही चालत रे. सहीवर यायला पाहिजे. कॉलेजातून आण जा. चला, पुढचा!’

इथे रांगेतली जागा जाते आणि स्लीपरचा कोटा दहा मिनिटांत संपतो. म्हणूनच शिक्क्याचा एवढा बाऊ केला. जमत असेल तर फॉर्म दोन दिवस आधी त्याच केंद्रावर दुपारच्या निवांत वेळी नेऊन ‘साहेब, एवढं बघता का, काही राहिलंय का?’ असं विचारावं. गर्दी नसली की ही माणसं चांगली मदत करतात.

आता पैशांचं. अर्धं भाडं म्हणजे तिकिटावरच्या रकमेच्या अर्धे, असं समजून पैसे मोजून नेणारे खिडकीवर अडकतात. सवलत फक्त मूळ भाड्यावर असते. स्लीपरचं आरक्षण शुल्क २० रुपये आणि सुपरफास्ट गाडी असेल तर ३० रुपये अधिभार, हे पूर्ण भरावे लागतात. बसायच्या द्वितीय वर्गात हेच दोन्ही आकडे १५-१५ आहेत. समजा मूळ भाडं ४०० आहे. सुपरफास्टचं पूर्ण तिकीट ४५० होईल, सवलतीचं २२५ नाही, तर २०० अधिक ५०, म्हणजे २५०. सुपरफास्ट नसलेल्या गाडीचं २२०.

सुपरफास्ट ओळखायची कशी? क्रमांक १२, २० किंवा २२ ने सुरू होत असेल तर सुपरफास्ट. पुण्याहून विदर्भात जाणाऱ्यांसाठी याचा थेट अर्थ असा: १२१२९ आझाद हिंद ही सुपरफास्ट, ११०३९ महाराष्ट्र एक्स्प्रेस ही नाही. कोल्हापूर ते गोंदिया अशी सांगली, सातारा, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर करत जाणारी ही गाडी वेळ जास्त खाते, पण अधिभार घेत नाही आणि लहान-मोठ्या स्टेशनांवर थांबते. नांदेड-परभणीकडच्या मुलांची पनवेल-नांदेड, १७६१३, हीसुद्धा पुणे, कुर्डुवाडी, लातूर, परळी अशी जाते आणि साध्या एक्स्प्रेसमध्येच मोडते. गरीब रथ या एसी गाडीचं नाव ऐकून तिच्यात सवलत असेल असं वाटतं. तिथे सवलत चालत नाही. तत्कालमध्येही नाही. ज्याने आधी नियोजन केलं नाही त्याने शेवटच्या क्षणी फॉर्म घेऊन सकाळी अकराच्या तत्काल रांगेत उभं राहायचं, हा खेळ दर दिवाळीत दिसतो, आणि तिथून पूर्ण भाडं अधिक तत्काल शुल्क देऊन बाहेर पडावं लागतं.

वेटिंगचं तिकीट मिळालं तर? ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात येतात. खिडकीवरून काढलेलं होत नाही. सवलतीचं तिकीट नेहमी खिडकीचंच असल्याने विद्यार्थ्यांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. वेटिंगच राहिलं तर गाडी सुटायच्या ३० मिनिटं आधीपर्यंत रद्द करायलाच हवं. त्यानंतर काही मिळत नाही. त्या वेळी स्टेशनवर असणं गरजेचं नाही. खिडकीचं तिकीटही आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून किंवा रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकावर फोन करून रद्द करता येतं, फक्त त्यासाठी स्लिपवर दिलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. पैसे मात्र मूळ तिकीट दाखवून खिडकीवरूनच घ्यायचे. स्लिपवर मित्राचा नंबर लिहून तो मित्र तीन दिवस आधीच गावी गेलेला, असं झालं तर वरचं सगळं निरर्थक. वेटिंगवाल्या खिडकी-तिकिटावर जनरल डब्यात बसता येतं, स्लीपरमध्ये नाही. स्लीपरमध्ये बसलात तर टीसी विनातिकीटच धरतो.

प्रवासात कॉलेजचं ओळखपत्र आणि आधार दोन्ही जवळ ठेवा. तिकिटावर विद्यार्थी सवलतीची नोंद असते आणि टीसीला ती खरी आहे की नाही ते बघायचा अधिकार आहे. जुन्या वर्षाचं, मुदत संपलेलं ओळखपत्र दाखवून वाद घालणारे दिसतात. जूनमध्ये नवं ओळखपत्र छापायला उशीर होणारी कॉलेजं बरीच आहेत. तोवर बोनाफाइड जवळ ठेवावं.

रोजच्या प्रवासाची कथा वेगळी. मुंबईत लोकलचा विद्यार्थी पास मासिक किंवा त्रैमासिक, अर्ध्या दरात मिळतो. इथेही कॉलेजचा रेल्वे कन्सेशन फॉर्म लागतो, त्यावर घराजवळचं स्टेशन, कॉलेजजवळचं स्टेशन, आणि आधीचा पास असेल तर त्याचा तपशील. घराचा पत्ता सिद्ध करणारा कागद कार्यालयाला दाखवावा लागतो. त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पट असतो, म्हणजे तिसऱ्या महिन्याला तीस टक्क्यांची सूट. सत्र सुरू होताना त्रैमासिक घ्यावा. परीक्षेच्या तोंडावर मासिक. फेब्रुवारीच्या शेवटी त्रैमासिक घेऊन एप्रिल-मेच्या सुट्टीत पास खिशात घेऊन फिरण्यात अर्थ नाही, आणि सत्राच्या शेवटी कार्यालयही असा फॉर्म द्यायला सहसा राजी नसतं.

लोकलच्या फॉर्मवरची नेहमीची चूक मार्गाची. माटुंगा मध्य रेल्वेवर, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर. डोंबिवलीहून येणाऱ्याने ‘माटुंगा’ लिहिलं की काम झालं. बोरिवलीहून येणाऱ्याने तेच लिहिलं तर त्याला दादर मार्गे असं लिहायला हवं, नाहीतर सरळ ‘माटुंगा रोड’. पासवर ‘मार्गे’ छापलेलं नसेल तर दादरला बदलून एक स्टेशन मागे गेलेला मुलगाही टीसीच्या लेखी विनातिकीटच; किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. तसंच परळ आणि प्रभादेवी. दोन्ही पुलाने जोडलेली, नकाशात एकमेकांना टेकलेली, पण रेल्वेच्या हिशेबात दोन वेगळी स्टेशनं.

फॉर्मला मुदत असते, थोड्या दिवसांची. शुक्रवारी घेऊन ‘सोमवारी निवांत काढू’ म्हणत बसाल तर तो बाद होतो आणि कार्यालय दुसरा द्यायला कुरकुरतं. पास संपायच्या आठवडाभर आधी फॉर्म मागा, म्हणजे मधले दोन-तीन दिवस तिकिटं काढायची वेळ येत नाही. पास हरवला तर दुसरी प्रत मिळत नाही. तो महिना पुन्हा पैसे भरा किंवा तिकिटं काढा.

आणखी एक गोष्ट फार थोड्या जणांना ठाऊक असते. रेल्वेच्या सवलतींच्या यादीत घर ते शाळा-कॉलेज या प्रवासासाठी बारावीपर्यंतच्या मुलांना आणि पदवीपर्यंतच्या मुलींना द्वितीय वर्गाचा मासिक पास मोफत आहे. अर्ध्या दराचा फॉर्म देण्याची सवय असलेली कार्यालयं हे स्वतःहून सांगत नाहीत. तुम्ही त्या गटात बसत असाल तर नेमक्या शब्दांत विचारा.

खेड्यातून तालुक्याला जाणाऱ्यांसाठी एसटीच. विद्यार्थ्याला मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे एक तृतीयांश रक्कम भरायची. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत पास मोफत. पूर्वी जूनमध्ये आगाराच्या पास खिडकीवर मुलांची झुंबड उडायची. २०२४ च्या जूनपासून एसटीने पास थेट शाळा-कॉलेजात द्यायला सुरुवात केली. शाळेने विद्यार्थ्यांची यादी द्यायची, एसटीचे कर्मचारी तिथे येऊन पास देणार. तुमची शाळा या यादीत नसेल तर जुना मार्ग आहेच: अर्ज, मुख्याध्यापकांची सही-शिक्का, फोटो, आधार, आणि बसस्थानकावरची खिडकी. २५ जानेवारी २०२५ ला एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, म्हणून मोठ्या भावाने सांगितलेली पासाची रक्कम गृहीत धरू नका.

पासावरचे दोन थांबे नीट निवडा. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. तुमचा फाटा दोन टप्प्यांच्या मधे असेल तर पुढच्या टप्प्याचं भाडं लागतं, आणि पासही त्याच हिशेबाने. त्याहून मोठा प्रश्न असा की, जलद गाडी तुमच्या फाट्यावर थांबतच नाही. पास हातात आहे, गाडी समोरून जाते, कंडक्टर खिडकीतून हात करतो. म्हणून पास काढण्याआधी सकाळी कॉलेजला वेळेवर पोहोचवणारी साधी गाडी किती वाजता आहे आणि संध्याकाळी शेवटची कोणती, हे स्थानकावरच्या कंट्रोलर साहेबांना विचारून घ्या. गाडी वेळेवर येत नसेल किंवा गर्दीमुळे थांबत नसेल, तर शाळेच्या लेटरहेडवर, वेळ आणि थांब्याच्या नावासह, आगार व्यवस्थापकांना अर्ज द्यावा; वीस-पंचवीस मुलांची यादी जोडली असेल तर फेरीच्या वेळेत बदल होतो. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही.

बारावीनंतरच्या मुलींसमोर मात्र खरा हिशेब असतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत राज्यातल्या प्रवासासाठी सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. मग पास काढायचा की रोज अर्धं तिकीट? समजा एकेरी पूर्ण भाडं ४० रुपये. आठवड्यातून तीनच दिवस कॉलेज असेल तर महिन्याला १३ दिवस, २६ फेऱ्या, अर्ध्या तिकिटाने ५२० रुपये. रोज जाणं असेल तर २४ दिवस, ४८ फेऱ्या, ९६० रुपये. हा तुमचा आकडा कागदावर लिहा, मग खिडकीवर ‘ताई, या गावचा पास कितीला बसतो?’ असं विचारा आणि ताडून पाहा. रोज जाणारीला पासच परवडतो. प्रॅक्टिकलपुरतं जाणारीने अर्धं तिकीट काढावं, कारण ते सुट्टीच्या दिवशीही आणि कुठल्याही मार्गावर चालतं, शिवशाहीतसुद्धा. पास फक्त त्या दोन थांब्यांमधला आणि साध्या गाडीचा. राज्याची हद्द ओलांडली की अर्धं तिकीट संपतं. चंदगडहून बेळगावला किंवा सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्या मुलींनी हद्दीपलीकडच्या भाड्याचे पैसे वेगळे ठेवावेत.

वर्गाची सहल असेल तर एसटीचाच ‘प्रासंगिक करार’, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने घ्यायची सोय, बघा. शैक्षणिक सहलीला त्यात ५० टक्के सवलत मिळते, आणि खासगी ट्रॅव्हल्सशी तुलना केली की गाडी, चालक, विमा यांचा ताप राहत नाही. संस्थेचं पत्र, मुलांची यादी, शाळा असेल तर शिक्षण विभागाची परवानगी, आणि मार्गाचा नेमका आराखडा घेऊन आगारात जायचं. कोटेशन घेताना किलोमीटर कुठून मोजले ते विचारा: गाडी आगारातून निघून परत आगारात येईपर्यंतचे, की शाळेच्या दारापासूनचे. रात्रीचा मुक्काम कुठे, गाडी तिथे उभी करायला जागा आहे का, हेही आधीच कळवा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मागणी एकदम वाढते. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत नोंदणी केली नाही तर हवी ती तारीख मिळत नाही. मार्ग ऐनवेळी बदलायचा म्हटलं की चालक नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे. मंजूर मार्गाबाहेर गाडी बिघडली तर उत्तर त्याला द्यावं लागतं.

शहरातल्या शहरात थोडक्यात सांगायचं तर, पुणे मेट्रोत पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे. मेट्रोचं विद्यार्थी कार्ड त्यासाठीच असतं, ते काढून ठेवा.

रात्री दोन-तीनला पोहोचणाऱ्या गाड्यांचा प्रश्न उरतो. परीक्षा सकाळी नऊला, गाडी पहाटे तीनला उतरवते, आणि हॉटेलला दिलेले पैसे तिकिटात वाचवलेल्यापेक्षा जास्त. मोठ्या स्टेशनांवर रिटायरिंग रूमबरोबर डॉर्मिटरी असते. एक खाट, चार्जिंग, अंघोळ. आयआरसीटीसीवरून ती पीएनआर, म्हणजे तिकिटावरचा आरक्षण क्रमांक, टाकून आरक्षित होते आणि तिकीट कन्फर्म किंवा आरएसी (निदान बसायची जागा मिळालेलं) असावं लागतं. वेटिंगवर ती मिळत नाही. सामान क्लोकरूममध्ये ठेवायचं असेल तर बॅगेला कुलूप असलंच पाहिजे. कुलूप नसलेली बॅग खिडकीवरून परत करतात, आणि पहाटे तीनला स्टेशनबाहेर कुलूप विकणारा कुणी सापडत नाही. दहा-वीस रुपयांचं एक छोटं कुलूप बॅगेच्या पुढच्या कप्प्यात कायम टाकून ठेवा, सवलतीच्या फॉर्मच्या झेरॉक्सबरोबर.